नवमीला उचललेली हत्यारं

थोरल्या सुनेने शेवटचा पाना रॉकेलमधून काढला, फडक्याने कोरडा केला, खिडकीशी नेऊन त्याचा जबडा नीट पाहिला आणि चादरीवर बाकीच्यांच्या शेजारी ठेवला. कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरची लांबट खोली. एका भिंतीला पोलादी दोरांची वेटोळी, दुसरीशी जुन्या लिफ्टच्या मोटारी आणि दाराजवळ ऑफिस म्हणायचं एक टेबल. आज ते टेबलसुद्धा पुसलं होतं. नवमी होती. आज हत्यारांची पूजा मांडायची आणि उद्या दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा नेम सासऱ्यांनी, आप्पांनी, लिफ्टदुरुस्तीचा धंदा सुरू केला तेव्हापासून चालत आला होता.

गेल्या नवमीला ती वर स्वयंपाकघरात होती. हत्यारं तिने घासायची आणि पूजेच्या वेळी तिने दिसायचं नाही, असं ठरलं होतं. ठरवलं कुणी, ते कुणी बोललं नव्हतं. नवऱ्याच्या माघारी परीक्षा देऊन तिने परवाना काढला, शहरातल्या निम्म्याअधिक जुन्या लिफ्ट तिच्या हाताखाली आल्या, पण नवमीला ती स्वयंपाकघरातच. यंदा मात्र हात पुसून ती सरळ पाटावर जाऊन बसली.

तिच्या सासूबाई, माई, पूजेचं ताट घेऊन जिना उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर थबकल्या.

"तो पाट धाकट्यासाठी मांडलाय."

"माहीत आहे मला."

"मग ऊठ. तो आंघोळ करून येतोच आहे."

"नाही माई. यंदा पूजा मी करणार."

माईंच्या मागे आत्या उतरत होत्या. आप्पांची ही धाकटी बहीण दर सणाला दोन दिवस आधी यायची आणि पंचांगासकट यायची. गुडघ्यांमुळे त्यांना एकेक पायरी जड जायची, कान मात्र शाबूत होते.

"काय म्हणते ही?" त्यांनी वरूनच विचारलं. "अगं, नवरा नाही तुला. कुंकवाच्या ताटाला हात कसा लावशील तू?"

"आत्याबाई, ह्या पान्याला रोज लावते तो चालतो ना? मग त्याला कुंकू लावायला का नाही चालत?"

"उलट उत्तरं नकोत."

"उलट कुठे? प्रश्न विचारतेय."

कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेले आप्पा खाकरले. त्यांचे हात कापायला लागल्यापासून ते कामावर जात नसत, पण रोज सकाळी इथे येऊन बसत. ते खाकरले म्हणजे काहीतरी बोलतील असं सगळ्यांना वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते बोलायचे नाहीत. आताही बोलले नाहीत.

*

धाकटा ओल्या केसांनी खाली आला तेव्हा चौघंही त्याच्याकडे वळली. त्याला परत वर जावंसं वाटलं.

"सांग हिला," माई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"पूजा घरातला पुरुष करतो, एवढंच सांग. तिला बोललेलं कळत नाही माझं."

त्याने वहिनीकडे पाहिलं. ती पाटावर ताठ बसली होती. रागावलेली दिसत नव्हती, आणि तेच त्याला जास्त जड जात होतं. दादा गेल्यापासून तो एकदाही इमारतीच्या वरच्या मशीनरूममध्ये चढला नव्हता. फोन घ्यायचे, कोण कुठे जाणार ते ठरवायचं, सुटे भाग मागवायचे, एवढं त्याचं काम. बाकी सगळं वहिनीच्या अंगावर. गेल्या वर्षी ह्या पाटावर बसून हत्यारांना फुलं वाहताना त्याला चोरासारखं वाटलं होतं. पण ते माईला सांगायचं कसं?

"माई, तसं पाहिलं तर..."

"तसं पाहू नकोस. सरळ पाहा."

"सरळ पाहिलं तर हत्यारं वहिनी वापरते."

"वा!" आत्या म्हणाल्या. "पढवून ठेवलंय सगळं."

माईंचा चेहरा उतरला. मुलगा आपल्या बाजूने उभा राहणार हे त्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं आणि पदर खांद्यावर ओढून घेतला.

"ठीक आहे. मग मीच करते पूजा. मी सवाष्ण आहे, मला तरी कुणी अडवायचं नाही." त्यांनी खालीच मांडी घातली, प्रत्येक हत्याराला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं. पाटावरची थोरली जागची हलली नाही. एका पूजेला दोघी जणी बसल्या होत्या आणि एकमेकींकडे पाहत नव्हत्या. धाकट्याला वाटलं, आत्ता कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

निरांजन लागलं आणि फोन वाजला.

फोन उचलायचा तो धाकट्यानेच. पलीकडे दोन गल्ल्या सोडून असलेल्या गोल जिन्याच्या इमारतीचा मॅनेजर होता. तो एवढ्या मोठ्याने बोलत होता की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली होती. आत एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी. गृहस्थांना दम्याचा विकार, दवाखान्यात निघाले होते. हातातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर संपत आला होता. अग्निशमनवाले शहराच्या दुसऱ्या टोकाला आगीवर गेले होते.

"येतो म्हणून सांग," थोरली म्हणाली आणि उठली.

"थांब." माई आडव्या आल्या. "दुसऱ्या कुणाला सांगा. आज आमची हत्यारं बसलीत."

"त्या लिफ्टचा ब्रेक सोडायचा दांडा दुसऱ्या कुणाकडे नाही, माई. तो तिथे बघा, तुमच्या डाव्या हाताशी. आत्ताच कुंकू लावलंत त्याला."

"उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही!" आत्या जिन्यावरून म्हणाल्या. "बसवलेलं दैवत उठवायचं असतं का कधी?"

"आत माणूस गुदमरतोय, आत्याबाई."

"दोन वर्षांपूर्वी तू हेच म्हणाली होतीस." माईंचा आवाज एकदम खाली आला. "ह्याच दिवशी. असाच फोन आला. त्याला नको होतं जायला. तू पिशवी भरलीस, तू त्याच्या हातात दिलीस."

"हो. मीच दिली."

"आणि कोजागरीला तो गेला."

ह्या घरात तेव्हापासून कोजागरीचं दूध आटलं नव्हतं. त्याबद्दल कुणी बोलतही नसे. आज ते दाबून ठेवलेलं बोलणं निरांजनाच्या उजेडात उघडं पडलं.

थोरलीने श्वास घेतला. "नवमीचं काम तो नीट करून आला होता, माई. हसत आला होता. तो गेला, कारण पुढे दुसऱ्याच एका इमारतीत तो लिफ्टच्या टपावर उभा असताना खाली कुणीतरी बंद केलेला मेन स्विच चालू केला. नवमीने नाही मारलं त्याला. माणसाने मारलं, न विचारता."

"देवाचं केलेलं मोडलं की असंच होतं. निमित्त कुणीही होतं."

"मग तुमचा देव फार लांबून नेम धरतो."

"तोंड सांभाळ!" आत्या कडाडल्या.

तेवढ्यात आप्पा खाकरले, आणि ह्या वेळी बोलले.

"मला माझ्या वस्तादाने सांगितलं होतं, नवमीला हत्यारं खाली का ठेवायची ते. वर्षभर आपण ती नुसती वापरतो, बघत नाही. एक दिवस समोर मांडायची आणि बघायची. कुठला दांडा सैल झालाय, कुठल्या पान्याला चीर गेलीय. बघून झालं की पूजा झाली. आणि दसरा कशाचा? अज्ञातवासातल्या त्या भावांनी झाडावर लपवलेली शस्त्रं खाली काढली, त्याचा. ती त्यांनी चांगला दिवस बघून काढली नव्हती. गावावर धाड पडली होती, म्हणून काढली. त्यांनी काढली म्हणून तो दिवस चांगला झाला."

"दादा, तुला काय कळतंय ह्यातलं?" आत्या म्हणाल्या. "पंचांग मी बघते."

"पंचांग तू बघ. लिफ्ट तिला बघू दे."

थोरली चादरीजवळ वाकली. तिने नमस्कार केला नाही. ब्रेकच्या दांड्यावरचं फूल उचलून बाजूला ठेवलं, हाताने फिरवायचं चाक काढलं, दारं उघडायची तिकोनी किल्ली खिशात टाकली. तिच्या बोटांना कुंकू लागलं.

"दोन माणसं लागतील," ती धाकट्याला म्हणाली. "एकाने ब्रेकचा दांडा धरायचा, एकाने चाक फिरवायचं. वर यावं लागेल तुला."

"येतो," तो म्हणाला.

"आणि खाली मेन स्विचपाशी कुणीतरी हवं. त्या खोक्याची कडी तुटलीय, माझं कुलूप बसत नाही तिथे. आम्ही चाक धरलेलं असताना स्विच चालू झाला, तर हात जागेवर राहणार नाहीत."

"मॅनेजर उभा राहील की."

"मॅनेजर तेव्हाही होता, त्या दुसऱ्या इमारतीत," थोरली म्हणाली आणि दाराबाहेर पडली.

*

माई किती वेळ दाराकडे बघत उभ्या राहिल्या ते त्यांना कळलं नाही. आत्या मागून बोलत होत्या, की आता शुद्धी करावी लागेल, सगळी हत्यारं पुन्हा धुवावी लागतील, धाकट्याने पुन्हा आंघोळ करायला हवी. पूजेतली तीन फुलं चादरीवर पडून होती. त्यांच्याखाली काहीच नव्हतं.

मॅनेजर तेव्हाही होता.

त्या चपला घालून निघाल्या.

"कुठे चाललीस?" आप्पांनी विचारलं.

"तुमच्या सुनेचं बघायला."

इमारतीच्या दारात गर्दी होती. माईंनी कुणाला काही न विचारता जिन्याखालची मीटरची खोली शोधून काढली. मेन स्विचचं खोकं उघडंच होतं. त्याची कडी खरोखरच तुटलेली होती. दांडा खाली ओढलेला, म्हणजे बंद. शेजारी मॅनेजर उभा होता. माई आत आल्या तेव्हा तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "जरा इथे थांबता? अडकलेल्यांच्या घरचे वर रडतायत, मी तोंड दाखवून येतो." आणि गेला. माईंना वाटलं, इतक्या सहज? कुणाचा तरी जीव हातात घ्यायचा आणि असा दुसऱ्याच्या हातात टाकून जायचं?

त्यांनी खोक्याकडे पाठ केली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वरून, फार वरून, लोखंडाचा कण्हल्यासारखा आवाज येत होता. थांबायचा, परत यायचा. त्या आवाजात आपला धाकटा आहे हे त्यांना ठाऊक होतं. ती दुसरीही होती.

वर मशीनरूममध्ये धाकट्याने ब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. त्याचे दात वाजत होते. "सोड," वहिनी म्हणायची, तो दांडा दाबून ब्रेक सोडायचा, ती चाक थोडंसं फिरवायची. "धर." तो दांडा सोडायचा, ब्रेक परत बसायचा. दोर इंचाइंचाने सरकत होता. "खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "तुझ्या दादालासुद्धा सुरुवातीला असंच व्हायचं. तुला त्याने कधी सांगितलं नाही." त्याला हसू आलं आणि पुढच्या वेळी त्याचे हात स्थिर राहिले.

खाली मीटरच्या खोलीत एक गृहस्थ आले. कमरेला पंचा, डोक्याला साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला.

"वीज कुणी घालवली? पंप बंद पडलाय. पाणी नाही नळाला!"

"लिफ्टचं काम चालू आहे."

"मग लिफ्टचं बंद करा, पंपाचं कशाला?"

"एकच स्विच आहे."

"फक्त एक मिनिट लावा. डोळ्यांत साबण गेलाय माझ्या. एक मिनिटाने काय होतं?"

"एक मिनिटाने माझा मुलगा गेला," माई म्हणाल्या.

गृहस्थांचा दुसरा डोळाही उघडला. ते तिथेच फेस पुसत उभे राहिले.

वरचा आवाज थांबला. बराच वेळ आला नाही. कुठेतरी दार उघडल्याचं, माणसं बोलल्याचं ऐकू आलं. मॅनेजर धावत जिना उतरला, चेहरा हसरा.

"झालं! आले बाहेर दोघं! गृहस्थ ठीक आहेत, चाललेत दवाखान्यात. व्हा बाजूला आजी, लावतो वीज."

माई हलल्या नाहीत.

"झालं म्हणतोय ना मी. आवाज पण थांबलाय बघा."

"माझी सून खाली आली?"

"येईल हो. सामान आवरत असेल."

"मग ती येऊ दे."

"अहो, सगळी इमारत खोळंबलीय!"

"खोळंबू दे."

मॅनेजरने हात पुढे केला. माईंनी दोन्ही हात पसरून खोकं झाकलं. आयुष्यात त्या परक्या पुरुषासमोर अशा कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. "माझ्या अंगावरून जावं लागेल तुला," त्या म्हणाल्या. "बघ जमतंय का."

"तुम्ही आहात तरी कोण?"

"लिफ्टवाल्यांची आई."

साबणवाले गृहस्थ मॅनेजरच्या आणि माईंच्या मधे येऊन उभे राहिले. "राहू द्या हो," ते मॅनेजरला म्हणाले. "मी थांबतो तसाच."

थोरली जिना उतरून आली तेव्हा तिच्या कपाळावर, गालावर काळं वंगण लागलेलं होतं. मागे धाकटा, खांद्यावर चाक. दारातच ती थांबली. माई हात पसरून उभ्या, पुढे पंच्यातला माणूस राखण करतोय आणि मॅनेजर हिरमुसून बाजूला.

"माई?"

"सगळं बाहेर काढलंस? वर कुणी नाही?"

"कुणी नाही. मी शेवटची."

तेव्हा माई बाजूला झाल्या. "मग तू लाव. तुझ्या हाताने."

*

परतताना धाकटा पुढे निघून गेला. त्याला दोघींच्या मधे चालायचं नव्हतं.

"माझा राग गेलेला नाही तुझ्यावरचा," माई म्हणाल्या.

"जाऊ द्या असं मी म्हटलं नाही."

माईंनी एकदा वळून इमारतीकडे पाहिलं.

"आवाज थांबला की काम संपलं, असं वाटतं त्यांना."

"हो."

"त्याच्या वेळी असंच झालं?"

"अगदी असंच. तो दोर तपासायला थांबला होता, म्हणून आवाज नव्हता. खालच्याला वाटलं, झालं."

"मला कुणी सांगितलं नाही हे."

"तुम्ही विचारलं नाहीत, माई. तुम्ही तिथी विचारत राहिलात."

माईंना राग आला. त्या भरभर चालू लागल्या. गल्लीच्या वळणावर त्यांचा पाय अडखळला. थोरलीने कोपर धरलं, आणि माईंनी ते सोडवून घेतलं नाही.

कारखान्यात आत्या खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांनी पाणी भरलेली बादली, नवीन फुलं, सगळी तयारी करून ठेवली होती.

"आलात? हत्यारं त्या बादलीत टाका. धाकट्या, तू पुन्हा आंघोळ करून ये आणि पाटावर बस. आणि तू," त्या थोरलीला म्हणाल्या, "वर जा आता. पुरे झाली शोभा."

थोरलीने दांडा, चाक आणि किल्ली चादरीवर ठेवली. वंगणाचे डाग पांढऱ्या कापडावर उमटले. ती हात धुवायला वळली.

"नको धूस," माई म्हणाल्या.

"काय?"

"तसेच राहू देत. बस पाटावर."

"वहिनी!" आत्या उठल्याच. "त्या हातांनी कुंकू?"

"वन्सं, हत्यारं त्याच हातांत असतात." माईंनी पाट पुढे ओढला. "माझा मुलगा गेला तेव्हा मी दोन वर्षं दिवसाला दोष दिला. दिवसाने काही केलं नव्हतं. आता पूजा हिची. पुढच्या वर्षीही हिची. तुम्हाला बसायचं असेल तर बसा, हात जोडा."

"दादा, तू काही बोलणार आहेस की नाही?"

आप्पा खाकरले. "मी मघाशी बोललो," ते म्हणाले.

आत्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा आधीच खाली, वहिनीच्या मागे, मांडी घालून बसला होता. त्याची धाकटेपणाची जागा त्याला आज पहिल्यांदा बरी वाटत होती.

आत्यांनी पंचांग पिशवीत घातलं, चपला शोधल्या. दारापाशी त्या वळल्या. बाहेर रस्त्यावर माणसं येत-जात होती, शेजारच्या दुकानातली दोघं-तिघं डोकावतही होती.

"विधवेच्या हातून पूजा चाललीय, ती पण उघड्या दारात. लोक काय म्हणतील, ह्याचा विचार करा, वहिनी. निदान दार तरी ओढून घेते मी."

"नको," माई म्हणाल्या. "उघडंच राहू दे. दिसू दे त्यांना."

आत्या गेल्या. दार उघडं राहिलं. माईंनी कुंकवाचं ताट उचलून सुनेच्या पुढ्यात धरलं, आणि थोरलीने काळ्या बोटाने पहिल्या पान्यावर टिळा ओढला.